पॅरिसचीं टाकलेलीं बालकें व त्यांच्या भेटीस गेलेल्या बायका

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या फादरांनीं येथें सेवा केली, हा वृत्तान्त इतर लेखकांनीं भक्तिपूर्वक लिहिला आहे. कमिटीनें आमच्याकडे जें काम सोंपविलें तें थोडें निराळें आहे. आपल्या येथील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजवर आजाऱ्यांच्या घरीं आणि टाकलेल्या व अपंग मुलांच्या बालगृहांत जात आले. ह्या जाण्याचें मूळ कोठें आहे तें लिहावें, अशी कमिटीची इच्छा. मूळ शोधीत गेलों तों आम्ही आपल्या गांवाबाहेर, फार दूर, सतराव्या शतकांतील पॅरिस शहरीं एका काळोख्या घराच्या दाराशीं येऊन पोंचलों. तेव्हां वाचकांनींही थोडा वेळ आमच्याबरोबर तेथवर यावें, अशी विनंति आहे.

सेन नदीच्या पात्रांत एक बेट आहे, आणि त्या बेटावर नोत्र-दाम हें प्रसिद्ध देऊळ उभें आहे. त्याच्या जवळच सें-लांद्री नांवाच्या गल्लींत तें घर होतें. लोक त्यास ‘ला कूश’ म्हणत. एक विधवा बाई दोन मोलकरणींच्या मदतीनें तें चालवीत असे. रात्रीं रस्त्यांत किंवा देवळांच्या पायऱ्यांवर टाकून दिलेलीं तान्हीं मुलें शहरचे अंमलदार उचलीत आणि येथें आणून ठेवीत. अशीं मुलें वर्षाला तीनशें-चारशें येत. जुन्या वहिवाटीप्रमाणें त्यांचा खर्च त्या त्या भागाच्या जमीनमालकांनीं सोसावयाचा होता, आणि ह्या मालकांत नोत्र-दामचे कॅनन धर्मगुरुही होते. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी, आणि पैसा येई तो फार थोडा. आम्ही स्वतः धर्मगुरु आहों म्हणून ही गोष्ट झांकून ठेवावी, असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या घरांत काय चाले, तें व्हिन्सेंट डी पॉल यांच्या लेखांतून व भाषणांतून कळतें. दूध पाजणाऱ्या दाया पुरेशा नव्हत्या, आणि होत्या त्यांतल्या कित्येक रोगी होत्या. मुलें रडूं लागलीं कीं त्यांना अफूच्या अर्काची गोळी देऊन निजवीत. त्या झोंपेंतून पुष्कळ मुलें उठलींच नाहींत. कोणी मागावयास आला तर आठ सोलांना, म्हणजे अगदीं चिल्लर किंमतीला, मूल विकीत. घेणाऱ्यांत भिकारीही असत, आणि ते त्या मुलांचे हातपाय मोडून त्यांना रस्त्यावर बसवीत. कारण धडधाकट मुलापेक्षां लुळ्या मुलाच्या झोळींत अधिक भीक पडते. आज आम्ही ज्यांना अपंग म्हणतों त्यांच्यापैकीं कांहींना ईश्वरानें नव्हे, तर माणसांच्या हातांनीं तेथें अपंग केलें होतें. ह्या घरांत आलेलें मूल मोठें होऊन बाहेर पडलें, असें पन्नास वर्षांत जवळजवळ कोणाच्या ऐकिवांत नव्हतें. आणि हें सर्व नोत्र-दामच्या घंटेच्या आवाजांत, रोज मिस्सा होत असतां!

ह्या घरीं पुढें ज्या बायका गेल्या त्यांची हकीकत सांगण्यापूर्वीं त्यांना तेथें पाठविणाऱ्या धर्मगुरूंविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. व्हिन्सेंट हे दक्षिण फ्रान्सांतील एका शेतकऱ्याचे पुत्र. जन्म १५८१, गुरुदीक्षा १६००. १६१७ सालीं ते शातियों नांवाच्या गांवीं धर्मगुरु असतांना एका रविवारीं मिस्सेच्या तयारींत होते. गांवाबाहेरचें एक सबंध कुटुंब आजारानें अंथरुणास खिळलें आहे, अशी बातमी त्यांस मिळाली, आणि ती त्यांनीं प्रवचनांत सांगितली. दुपारीं ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कोणी टोपल्या घेऊन जात होत्या, कोणी परतत होत्या. पाहतात तों घरांत इतकें अन्न जमलें होतें कीं, त्यांतलें बरेंच उद्यां नासून जावें आणि परवां त्या आजाऱ्यांना पुन्हां उपास पडावा. आमच्या खेड्यांतल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. कोणाच्या घरीं मयत झाली कीं पहिल्या दिवशीं पेजेचीं भांडीं ठेवावयास जागा नसते, आणि पंधरा दिवसांनीं विधवेच्या चुलीकडे कोणी वळून पाहत नाहीं. व्हिन्सेंट यांनीं त्या बायकांना पाळी लावून दिली: कोणत्या दिवशीं कोणीं शिजवावें, कोणीं न्यावें, पैशाचा हिशेब कोणीं ठेवावा. त्यांचें पुढचें सारें कार्य ह्या पाळीच्या वहींतून निघालें, असें म्हटलें तरी चालेल.

१६३४ सालीं मादाम गूसो नांवाच्या एका श्रीमंत विधवेच्या आग्रहावरून पॅरिसमध्यें अशीच एक मंडळी उभी राहिली. तिला ‘दयाकार्याच्या स्त्रिया’ म्हणूं या. सरदारांच्या व मोठमोठ्या न्यायाधीशांच्या घरच्या ह्या बायका नोत्र-दामच्या शेजारच्या सार्वजनिक इस्पितळांत रोग्यांना भेटत व त्यांना खाऊपिऊं घालीत. ला कूशचें घर तेथून चार पावलांवर होतें. तरी त्या दारांतून आंत जाण्यास त्यांना आणखी कांहीं वर्षें लागलीं. कॅनन मंडळींनींही त्यांना त्या घराची व्यवस्था पाहण्याविषयीं सुचविलें होतें. ह्या उशिराचें एक कारण उघड बोललें जाई. तीं मुलें बहुतेक अनौरस, पापाचीं फळें. त्यांना पोसणें म्हणजे पापाला पदराखालीं घेणें, असा त्या काळच्या पुष्कळ सभ्य लोकांचा समज होता. पाप ज्यानें केलें तो मोकळा, आणि दंड त्या दोन दिवसांच्या जिवाला! हा न्याय फ्रान्सचाच होता असें नाहीं. आमच्या इकडेही तो फार दिवस चालला आहे.

अखेर त्या गेल्या, आणि पाहून आल्या. हेरोद राजानें मारविलेलीं बालकें एकदांच मेलीं, ह्यांची दशा त्यांहून वाईट, असा त्या भेटीचा अहवाल झाला. आतां प्रश्न पडला कीं करावें काय? सगळीं मुलें घ्यावीं तर पैसा नाहीं, जागा नाहीं, दाया नाहींत. मुळींच न घ्यावीं तर डोळ्यांनीं पाहिलेलें विसरतां येत नाहीं. तेव्हां १६३८ सालीं बारा मुलें घेण्याचें ठरलें. कोणतीं बारा? जें गोंडस दिसतें तें घ्यावें कीं जें अगदीं मरणाला टेकलें आहे तें घ्यावें, हें ठरविण्याची त्या बायकांची छाती होईना. म्हणून त्यांनीं चिठ्ठ्या टाकल्या. बारा चिठ्ठ्या निघाल्या, आणि तीं बारा मुलें सें-व्हिक्तोर वेशीजवळ, बुलांजे गल्लींतल्या एका भाड्याच्या घरीं गेलीं. बाकीचीं तेथेंच राहिलीं.

आम्ही सेमिनरींत असतां संताचें चरित्र प्रथम वाचलें, तेव्हां ह्या जागीं आम्हांस ईश्वरी योजनेचें कौतुक वाटलें होतें. आज पन्नाशी उलटल्यावर वाचतों तेव्हां त्या परत फिरणाऱ्या बायका दिसतात. ज्यांची चिठ्ठी निघाली नाहीं त्यांच्या खाटांवरून त्यांना दाराकडे जावें लागलें असेल. चिठ्ठ्या टाकणें हा न्याय नव्हता. परंतु त्या त्यांनीं टाकल्या नसत्या, तर तीं बाराही तेथेंच मेलीं असतीं.

त्या बारांचा भार ज्यांनीं उचलला त्या लुईज द मारियाक. ह्यांचा जन्म १५९१ चा. त्या मोठ्या घराण्यांतल्या खऱ्या, पण विवाहाबाहेर जन्मलेल्या. आपली आई कोण हें त्यांना कधीं कळलें नाहीं. लहानपणीं कॉन्व्हेंटांत वाढल्या, लग्न झालें, एक मुलगा झाला, १६२५ सालीं वैधव्य आलें. १६३३ सालीं त्यांनीं व व्हिन्सेंट यांनीं मिळून धर्मभगिनींचा एक नवा संघ स्थापिला होता. ह्या भगिनी बहुतेक खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली. मठाच्या भिंतींआड न राहतां त्या रस्त्यानें हिंडत व गोरगरिबांच्या घरीं जाऊन काम करीत. जिला आईचा चेहरा ठाऊक नव्हता तिच्याच हातीं पॅरिसचीं टाकलेलीं मुलें यावीं, ह्यावर आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं.

लुईज यांचीं पत्रें अजून उपलब्ध आहेत. त्यांत भक्तीचे विचार आहेतच. पण दूध, दुपटीं, लंगोट, जळण, दायांचे पगार, ह्यांच्याच गोष्टी पानोपानीं आहेत. दाई मिळेना तेथें गाईशेळीचें दूध देऊन पाहावें कीं काय, ह्याचाही विचार झाला. पुढें मुलें खेड्यांतल्या दायांकडे वाढावयास देऊं लागले, तेव्हां त्या दाया मुलांची हेळसांड करितात कीं काय हें पाहण्यासाठीं भगिनी खेडोपाडीं फेऱ्या घालूं लागल्या. मूल अंगावरून सुटलें कीं परत यावें, त्यास अक्षरओळख व्हावी, प्रार्थना याव्या, मुलींना शिवणविणण शिकवावें, मुलग्यांना एखाद्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवावें, अशी सारी व्यवस्था हळूहळू बसत गेली.

१६४० च्या जानेवारींत मंडळीची मोठी सभा भरली, आणि चिठ्ठ्या बंद करून सगळींच मुलें घेण्याचा ठराव झाला. ठराव करणें सोपें होतें. राजा तेरावा लुई यानें व त्याच्या मागून राणी ॲन हिनें वर्षासनें बांधून दिलीं. दोन्ही मिळून बारा हजार लिव्र होत. खर्च मात्र सुमारें चाळीस हजारांवर गेला. पुढें सें-लाझार मठाजवळ मुलांसाठीं तेरा लहान घरें बांधलीं गेलीं, तींही पुरेनात. तेव्हां १६४७ सालीं मुलांना बिसेत्र येथें नेण्याचें ठरलें. पॅरिसच्या दक्षिणेस, शहराबाहेर टेकडीवर, लढाईंत लंगडे-थोटे झालेल्या शिपायांसाठीं राजानें बांधावयास काढलेली ती भली मोठी इमारत होती. लुईज यांना ही जागा मुळींच पसंत नव्हती. हवा फार बोंचरी, खोल्या प्रचंड, आणि शहरापासून अंतर लांब. मंडळीच्या बायका तेथवर येणार नाहींत, आणि नजरेआड झालेल्या मुलांसाठीं पैसाही येणार नाहीं, हें त्या बाईंनीं आधींच ओळखलें. त्यांचें कोणीं ऐकिलें नाहीं. मुलें तेथें गेलीं, आणि पुष्कळ मेलीं.

त्याच सुमारास मंडळीचा धीर सुटूं लागला. पैसा आटला होता. हें काम आपणांस झेपणारें नाहीं, सोडून द्यावें, असा विचार बळावला. सभा भरली. व्हिन्सेंट तेव्हां पासष्टीच्या पुढें होते. त्यांनीं त्या बायकांना पापाची भीति घातली नाहीं, कीं स्वर्गाचें आमिष दाखविलें नाहीं. तुम्ही ह्या मुलांच्या आया झालां. आतां तें आईपण क्षणभर बाजूस ठेवा व न्यायाधीश व्हा. तुम्ही काम पुढें चालविलें तर हीं जगतील, सोडलें तर खात्रीनें मरतील. मतें द्या, अशा आशयाचें तें भाषण आहे. न्यायाधीशांच्याच बायका त्या. त्यांना निवाडा म्हणजे काय हें ठाऊक होतें. काम सोडूं नये, असा निकाल झाला.

पण एका भाषणानें कोठार भरत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं फ्रान्सांत यादवी माजली. १६४९ च्या आरंभीं पॅरिसला सैन्याचा वेढा पडला, बिसेत्रच्या आसपास शिपाई हिंडूं लागले, गहूं मिळेना, दायांचे पगार तुंबले, आणि खेड्यांतल्या दाया मुलें परत आणून ठेवूं लागल्या. तेव्हांचीं लुईज यांचीं पत्रें वाचवत नाहींत. अखेर १६५१ सालीं मुलें बिसेत्रहून पुन्हां शहराजवळ आलीं. १६६० सालीं सहा महिन्यांच्या अंतरानें लुईज व व्हिन्सेंट दोघेंही प्रभूच्या घरीं गेलीं. १६७० सालीं चौदाव्या लुईनें फर्मान काढून ह्या घराला सरकारी संस्थेचें रूप दिलें.

येथें थोडें विषयांतर होईल, त्याची क्षमा असावी. अंगरख्याच्या आड तान्हें मूल घेऊन बर्फांतून चाललेल्या संताचें चित्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तें सुंदर आहे, आणि आमच्याही खोलींत आहे. परंतु रात्रीं गल्लोगल्लीं हिंडून मुलें गोळा करणारे व्हिन्सेंट ही मागाहून रंगविलेली कथा आहे, असें जाणत्या चरित्रकारांचें मत आहे. खरे व्हिन्सेंट सभेच्या टेबलाशीं बसलेले, पत्रें लिहिणारे, जमाखर्च जुळविणारे असे दिसतात. मूल ज्यांच्या कडेवर होतें त्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या, आणि त्यांचें चित्र कोणीं फारसें काढलें नाहीं.

पुढचा इतिहास सगळाच उजळ आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. अठराव्या शतकांत मुलें टाकण्याचें प्रमाण इतकें वाढलें कीं १७७२ ह्या एका वर्षीं त्या घरांत साडेसात हजारांहून अधिक मुलें आलीं. दूरदूरच्या प्रांतांतून गाड्यांत घालून आणलेलीं पुष्कळ असत, आणि बहुतेक वर्षाच्या आंत मरत. बालशिक्षणावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या रूसोनें आपलीं पांचही मुलें ह्याच घरीं पाठविलीं. त्यानेंच आत्मचरित्रांत तसें कबूल केलें आहे. उलट १७१७ सालीं नोत्र-दामच्या शेजारच्या लहान देवळाच्या पायरीवर सांपडलेलें एक मूल ह्या घरांतून वांचलें, एका कांचकाम करणाऱ्याच्या बायकोनें तें वाढविलें, आणि तें पुढें दालांबेर नांवाचा थोर गणिती झालें. नांव मोठें झाल्यावरही तो किती तरी वर्षें त्याच बाईच्या घरीं राहत असे.

बिसेत्रची गोष्टही येथें सांगितली पाहिजे, कारण अपंग मुलांशीं तिचा निकट संबंध आहे. ज्या इमारतींत टाकलेलीं मुलें गारठून मेलीं, तेथेंच पुढें मोठें इस्पितळ झालें, आणि ज्यांना त्या काळीं बिनदिक्कत ‘जडबुद्धि’ म्हणून टाकीत अशा मुलांनाही तेथें ठेवूं लागले. १८४२ च्या सुमारास सेगॅं नांवाच्या शिक्षकानें तेथें कांहीं काळ दाखवून दिलें कीं हात, डोळे, कान ह्यांना पायरीपायरीनें वळण लावलें तर हीं मुलें शिकतात. १८७९ ते १९०५ पर्यंत डॉक्टर बूर्नव्हील यांनीं त्याच ठिकाणीं अशा मुलांसाठीं शाळा, व्यायाम व कारखाने चालविले. हे डॉक्टर चर्चचे कट्टर विरोधक होते. पॅरिसच्या इस्पितळांतून धर्मभगिनींना काढावें म्हणून त्यांनीं मोठी चळवळ केली. तरी त्या मुलांजवळ पंचवीस वर्षें जो राहिला, त्याचें नांव आमच्या ह्या लेखांत न येणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. सेगॅंचे ग्रंथ बाई मोंतेसोरी यांनीं स्वतःच्या हातानें उतरून काढले. त्यांच्या पद्धतीपासून स्फूर्ति घेऊन ताराबाई मोडक यांनीं बोर्डी व कोसबाड येथें बालवाड्या काढल्या. म्हणजे त्या टेकडीवरचा एक धागा आपल्या पालघरच्या किनाऱ्यापर्यंत आला आहे.

दुसरा धागा आपल्या देवळापर्यंत आला तो असा. १८३३ च्या एप्रिलांत फ्रेडरिक ओझानाम ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास पॅरिसमध्यें विरोधकांनीं टोमणा मारला कीं तुमचें चर्च पूर्वीं कांहीं करीत असेल, आज काय करितें? त्यानें व त्याच्या मित्रांनीं वाद सोडला आणि रोझाली रांदू ह्या धर्मभगिनीकडे गेले. लुईज यांनीं स्थापिलेल्या संघाचीच ही भगिनी. मूफतार गल्लीच्या दरिद्री वस्तींत राही. बारा मुलांचें तें पहिलें घर जेथें होतें ती बुलांजे गल्ली तेथून पायीं कांहीं मिनिटांवर आहे. तिनें त्या पोरांना गरिबांचे पत्ते दिले, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि घरोघर कसें जावें तें शिकविलें. हीच व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. १९९७ सालीं पोपमहाशय दुसरे जॉन पॉल यांनीं ओझानाम यांस धन्यवादित जाहीर केलें, तें नोत्र-दाममध्येंच. ला कूशचें घर तेथून हांकेच्या अंतरावर होतें.

आतां एक गोष्ट आमची स्वतःची. गुरुदीक्षा होऊन दोन-तीन वर्षें झालीं असतील. दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही असिस्टंट होतों. नाताळच्या आदल्या आठवड्यांत तीस-चाळीस तरुणतरुणींना घेऊन आम्ही टाकलेल्या व अपंग मुलांच्या एका घरीं गेलों. कॅरोल म्हटलीं, केक वांटला, फोटो काढले. सात-आठ वर्षांचा एक मुलगा, ज्याला चालतां येत नव्हतें, त्यानें आमच्या झग्याचें टोंक मुठींत धरून ठेविलें होतें. पुन्हां कधीं येणार, असें त्यानें विचारलें. पुढच्या महिन्यांत, असें आम्हीं सांगितलें. पुढच्या महिन्यांत पॅरिशचा सण होता, त्यापुढें उपासकाळ, मग परीक्षा. आम्ही परत गेलों तें पुढच्या नाताळांत, नवा केक घेऊन. तो मुलगा त्या खाटेवर नव्हता. तो कोठें आहे हें तेथल्या सिस्टरांना विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, आणि त्यांनींही आपण होऊन कांहीं सांगितलें नाहीं. मूठ सोडवितांना त्याचीं बोटें आम्हांस एकेक करून उलगडावीं लागलीं होतीं, एवढें आठवतें.

म्हणून ह्या धर्मग्रामांत आल्यावर आम्हीं सोसायटीला एक वही करावयास सांगितली. ती सॅक्रिस्टींतल्या उजव्या कपाटांत आहे. तींत बालगृहाच्या पाळ्या लिहिलेल्या असतात: कोण, कोणत्या रविवारीं, कोणत्या मुलाकडे. एकानें एकाच मुलाकडे जावयाचें, आणि वर्षभर जावयाचें. जूनपासूनच्या पावसाळी महिन्यांतल्या चार जागा अजून रिकाम्या आहेत. केक आणूं नये. तेथल्या सिस्टरांनीं जुन्या, धुतलेल्या सुती साड्या मागितल्या आहेत. मुलांच्या दुपट्यांना त्या फार लागतात. ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं रविवारच्या पहिल्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टींत आणून द्याव्या.